1971 ची एमजीबी घ्यावी की 1991 ची एमएक्स-5?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कापडी टपाच्या, दोन आसनी दोन गाड्या समोर आहेत. एक 1971 ची एमजीबी रोडस्टर, एमजी या ब्रिटिश कंपनीची, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिनाचे फेरे कमी करणारी गियरची जादा सोय) असलेली, तारेच्या चाकांची, नुकतीच रंगवलेली. दुसरी 1991 ची माझ्दा एमएक्स-5, 1.6 लिटर इंजिनाची, 1,40,000 किलोमीटर चाललेली, सर्व्हिसच्या नोंदी जपलेल्या. गाडी महिन्यातून तीन-चारदा निघणार, उभी करायला छपराखाली जागा आहे, साधी हत्यारं आहेत, लिफ्ट नाही आणि स्वतःच्या हाताने काम शिकायची हौस आहे. तर या दोघींतली चांगली कोणती?

मोजता येईल अशा जवळपास प्रत्येक बाबतीत एमएक्स-5 सरस आहे, हे आधीच सांगून टाकतो. ती जास्त पळते, लवकर थांबते, पावसात कमी गळते आणि थंडीतही पहिल्या चावीला सुरू होते. तसं असायलाच हवं. एमजीबी 1962 मध्ये आली, एमएक्स-5 1989 मध्ये, आणि माझ्दाच्या लोकांनी साठच्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टर डोळ्यांसमोर ठेवूनच ती बेतली होती. पण तुलना इथेच संपवली तर तुमच्या हाती काही लागत नाही, कारण तुम्ही कारखान्यातून निघालेली गाडी घेत नाही आहात. एक पन्नाशीपलीकडची आणि एक तिशीपलीकडची, अशा दोन जुन्या गाड्यांमधून एक निवडताय. मग खरे प्रश्न दोन उरतात: यांतल्या कोणत्या गाडीचा सांगाडा शाबूत आहे, आणि कोणत्या तऱ्हेचं काम तुम्हाला मानवेल?

दुसरा प्रश्न आधी घेऊ. एमजीबी सतत थोडं थोडं मागत राहते: ग्रीस, टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटी), पॉइंट (ठिणगीची वेळ सांभाळणारा स्विच), कार्बोरेटर. त्यातलं जवळपास प्रत्येक काम उघड्यावर दिसणारं, पाने आणि स्क्रू-ड्रायव्हरने होणारं. एमएक्स-5 वर्षाकाठी तेल आणि फिल्टर सोडलं तर फारसं काही मागत नाही, आणि मागते तेव्हा मोठं मागते. बॉनेट उघडून दोन तास घालवण्यात ज्याला आनंद आहे त्याला एमएक्स-5 थोड्याच दिवसांत रिकामं बसवते. ज्याला फक्त चालवायचं आहे त्याला एमजीबी वर्षभरात नकोशी होते. आपण यांतले कोण, हे प्रामाणिकपणे ठरवा. शिकायची हौस आहे म्हणताय, म्हणून एमजीबीचा विचार मी बाद करत नाही.

चालवण्यातला फरक आकड्यांतही दिसतो. एमजीबीचं इंजिन 1798 सीसीचं, पुशरॉडचं, बोअर 80.26 मिलिमीटर आणि स्ट्रोक 88.9, म्हणजे लांब स्ट्रोकचं. ताकद साधारण 95 अश्वशक्ती, पण टॉर्क 149 न्यूटन-मीटरच्या आसपास आणि तोही 3000 आरपीएमलाच (मिनिटाला इंजिनाचे फेरे). एमएक्स-5 चं 1597 सीसीचं, दोन कॅमशाफ्ट आणि सोळा व्हॉल्व्हचं. ताकद 115 अश्वशक्तीच्या आसपास, टॉर्क मात्र 135 च्या घरात आणि त्यासाठी 5500 आरपीएम गाठावे लागतात. म्हणून एमजीबी खालच्या रेसवर निवांत ओढते, गियर कमी बदलावे लागतात, आणि 5000 च्या पुढे ताणण्यात हशील नसतं. एमएक्स-5 ची गंमत वरच्या रेसमध्ये आणि मनगटाच्या हालचालीवर पडणाऱ्या गियरमध्ये आहे. खराब रस्त्यावर दोघींमधली सत्तावीस वर्षं सगळ्यात जास्त जाणवतात. एमजीबीला मागे अखंड अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंग आहेत, त्यामुळे वळणात खड्डा आला की मागची बाजू जागा सोडते. एमएक्स-5 च्या चारही चाकांना डबल विशबोन आहेत, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होतं. ती त्याच खड्ड्यावरून रेघ न सोडता जाते.

लांबच्या प्रवासाचा विचार असेल तर ओव्हरड्राइव्हचं मोल मोठं आहे. चौथ्या गियरमध्ये ताशी 100 किलोमीटरला एमजीबीचं इंजिन साधारण 3500 आरपीएमवर फिरतं. ओव्हरड्राइव्ह लावला की 2850 च्या आसपास येतं. एमएक्स-5 पाचव्या गियरमध्ये त्याच वेगाला 3200 च्या आसपास असते. म्हणजे चालू ओव्हरड्राइव्हची एमजीबी हमरस्त्यावर त्या बाबतीत जास्त शांत. पण 'ओव्हरड्राइव्ह आहे' आणि 'ओव्हरड्राइव्ह लागतो' यांत फरक आहे. तिसऱ्या आणि चौथ्या, दोन्ही गियरमध्ये लावून बघा. स्विच टाकल्यावर एक-दोन सेकंदांत रेस उतरली पाहिजे आणि काढल्यावर झटक्याने चढली पाहिजे. लागत नसेल तर दोष बहुतेक वेळा विजेचा असतो: गियरबॉक्सवरचा स्विच, सोलेनॉइडची वायर. किंवा मग तेल कमी असतं. या गियरबॉक्समध्ये आणि ओव्हरड्राइव्हमध्ये तेल एकच असतं आणि ते 20डब्ल्यू-50 इंजिन ऑइल असतं. 'गियरबॉक्स आहे म्हणजे गियर ऑइल' असं समजून कुणी जाड हायपॉइड तेल भरलं असेल तर ओव्हरड्राइव्ह नीट चालत नाही. मालकाला सहज विचारा, गियरबॉक्समध्ये कोणतं तेल घालता? उत्तरावरून गाडी कशी सांभाळली गेली ते कळतं.

आणखी एक गोष्ट लोक शेवटी बघतात, ती पहिल्यांदा बघा: दोन्ही गाड्यांत बसा. एमजीबीत पाय लांब करायला भरपूर जागा आहे. उंच माणसाची एमएक्स-5 मध्ये पंचाईत होते. सीट मागे फारशी जात नाही आणि टप लावल्यावर डोकं कापडाला लागतं. सहा फुटांच्या पुढे उंची असेल तर बाकीची सगळी चर्चा इथेच संपू शकते.

आता पत्रा. दोन्ही गाड्यांना वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंग हाच सांगाडा आहे. त्यात वर छप्पर नाही, त्यामुळे दरवाज्याखालून पुढून मागे जाणारा सिल सगळा भार पेलतो. इंजिन दुरुस्त होतं, गियरबॉक्स बदलता येतो. सिल गेलेली गाडी म्हणजे महिनोन्‌महिन्यांचं वेल्डिंग.

एमजीबीचा सिल एका पत्र्याचा नाही. बाहेरचा सिल, मधली उभी पट्टी, आतला सिल आणि खालून या सगळ्यांना बांधणारी कॅसल रेल, अशी ती पेटी आहे. गंज आतून लागतो. पुढच्या चाकामागे, विंगच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) पोटात चिखल साठतो, तो ओला राहतो आणि सिलचं पुढचं टोक खातो. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत मधली पट्टी चाळण झालेली असते. योग्य दुरुस्ती करायची तर पुढच्या विंगचा खालचा भाग आणि मागच्या विंगचा कोपरा कापावा लागतो, कारण सिलची टोकं त्यांच्या मागे जातात. वेळ वाचवायचा म्हणून कुजलेल्या सिलवर नुसता बाहेरून नवा पत्रा चढवतात, कडांना लांबी (पुटी) भरतात आणि रंग मारतात. 'नुकतीच रंगवलेली' हे शब्द वाचून मला पहिली शंका हीच आली.

हे पकडायचं कसं? दरवाज्याच्या पुढच्या कडेखाली वाका. पुढची विंग आणि सिल जिथे भेटतात तिथे एक उभी सांधरेषा असते. ती गुळगुळीत गायब झालेली असेल तर वर काहीतरी चढवलेलं किंवा भरलेलं आहे. मग पातळ कापडात गुंडाळलेला छोटा मॅग्नेट सिलवर, मागच्या चाकापुढच्या कोपऱ्यावर आणि विंगच्या खालच्या वीतभर पट्ट्यावर फिरवा. जिथे ओढ एकदम कमी होते तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे. (एमएक्स-5 चं बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं आहे, तिथे मॅग्नेट चिकटला नाही तर घाबरू नका.) त्यानंतर खाली झोपून कॅसल रेल बघा. ती पूर्ण लांबीभर दिसायला हवी, तिच्या मूळ आकारासह. तिच्यावर सपाट पट्टी ठोकलेली असेल तर आत काय आहे ते दाखवायचं नव्हतं असं समजा.

शेवटची परीक्षा जॅकची. दरवाजा बंद असताना त्याच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघा. मग मालकाच्या परवानगीने त्या बाजूच्या जॅकिंग पॉइंटवर गाडी उचला आणि पुन्हा तीच फट बघा. ती कमी-जास्त व्हायला लागली, किंवा दरवाजा उघडताना घासला, तर सिल भार पेलत नाही. जॅक लावताच पत्रा करकरला तर लगेच थांबा, उत्तर मिळालं. सिल बदलताना गाडीला नीट आधार दिला नाही आणि दरवाज्याच्या चौकटीत तात्पुरती आडवी सळई जोडली नाही, तर गाडी मधोमध वाकते आणि तशीच वेल्ड होते. अशा गाडीचे दरवाजे पुढे कधीच नीट बसत नाहीत. म्हणून नव्या सिलपेक्षा सरळ फट जास्त महत्त्वाची.

एमजीबीत आणखी तीन जागा पटकन बघून घ्या. सीटच्या मागे, जमिनीखालचे बॅटरीचे खण: या वर्षीच्या गाडीत 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असायच्या, आता बहुतेक ठिकाणी 12 ची एकच असते, पण सांडलेल्या अ‍ॅसिडने खण कुजलेले सापडतात. मागच्या पाट्यांची टोकं जिथे अंगाला जोडली आहेत तो पत्रा. आणि दरवाज्याच्या वरच्या पत्र्यात, छोट्या तिकोनी काचेच्या खाली पडणारी चीर. ती धोक्याची नाही, पण वेल्ड करून पुन्हा रंगवावी लागते.

एमएक्स-5 चा गंज वेगळ्या वाटेने येतो. टपावरचं पाणी मागच्या पन्हळीत जमतं आणि दोन्ही बाजूंच्या सीटबेल्टच्या खांबांमागच्या भोकांतून नळीने खाली उतरून मागच्या चाकाच्या जरा पुढे बाहेर पडतं. पानं आणि धूळ बसून ही भोकं बुजतात, मग पाणी सिलच्या मागच्या टोकात किंवा सीटमागच्या गालिच्यात मुरतं. चाचणी सोपी आहे: अर्धा लिटर पाणी त्या पन्हळीत हळूहळू ओता आणि कुणाला तरी खाली बघायला सांगा. दोन्ही बाजूंनी धार आली पाहिजे. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही तर सिलचा मागचा वीतभर भाग बोटाने दाबून बघा. रंग फुगलेला असेल तर आतला पत्रा बाहेरच्यापेक्षा वाईट आहे असं धरून चाला. गाडी घेतल्यावर ही भोकं दर दोन-तीन महिन्यांनी जाड नायलॉनच्या तारेने मोकळी करायची. लोखंडी तार घालू नका, नळी फाटते.

याच गाडीच्या डिकीत, उजव्या कोपऱ्यात बॅटरी असते. मुळात तिथे बंद प्रकारची, वायू बाहेर नेणारी नळी जोडलेली बॅटरी येते. कुणी साधी अ‍ॅसिडची बॅटरी बसवली असेल तर तिच्या वाफेने आजूबाजूचा पत्रा खाल्ला जातो. गालिचा उचलून बघायला दहा सेकंद पुरतात. आणि गाडी उचलताना गियरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणाऱ्या लांब अ‍ॅल्युमिनियमच्या तुळईखाली जॅक लावू नका, ती वाकते. ती आधीच वाकलेली किंवा चेपलेली दिसली तर गाडी निष्काळजी हातांतून गेली आहे.

सांगाडा पास झाला असं धरू आणि यंत्राकडे वळू. एमजीबीचं इंजिन दणकट आहे. ते थोडं तेल गाळणार, त्याची चिंता नको. बघायचा तो तेलाचा दाब. वीस मिनिटं चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर, ताशी 80 किलोमीटरच्या आसपास काटा 50 ते 80 पीएसआयमध्ये असावा आणि आयडलला 10 ते 25 मध्ये. थंड इंजिनाचा दाब सगळ्यांचाच चांगला दिसतो, त्यावर जाऊ नका. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडून मग एकदम दाबल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे गाइड आणि तेल अडवणारे सील झिजले आहेत. टॅपेट चपट्या प्रकारचे असल्याने तेल 20डब्ल्यू-50 आणि त्यातही पुरेसं झिंक असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं वापरा.

या इंजिनाचं शिकण्यासारखं पहिलं काम म्हणजे टॅपेट सेट करणं. इंजिन पूर्ण थंड, प्लग काढलेले, फट 0.38 मिलिमीटर. आठ व्हॉल्व्ह आहेत आणि बेरीज नऊ ठेवायची: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असताना पहिला सेट करा, सहावा उघडा असताना तिसरा, असं सगळ्यांचं. फिलर गेज ओढताना किंचित अडलं पाहिजे, रुतता कामा नये. लॉकनट आवळताना स्क्रू जागेवर धरून ठेवा आणि आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण नेमका त्याच क्षणी तो फिरतो. फटींची वही ठेवा. दर वेळी एक्झॉस्टच्या फटी कमी होत जात असतील तर व्हॉल्व्हची बैठक हेडमध्ये आत दबत चालली आहे. हे इंजिन शिसंयुक्त पेट्रोलच्या काळातलं. हेडला व्हॉल्व्हच्या कठीण बैठका (सीट) बसवल्या आहेत का, हे मालकाला जरूर विचारा. नसतील तर गाडी लगेच मोडत नाही, पण कधीतरी हेड उतरवावं लागणार.

एमजीबीची ट्यूनिंग बिघडण्याचं मुख्य कारण चुकीचा क्रम आहे. गाडी अडखळली की लोक थेट दोन एसयू कार्बोरेटरना हात घालतात. आधी टॅपेट, मग पॉइंटची फट (0.35 ते 0.40 मिलिमीटर), मग टायमिंग, आणि कार्बोरेटर सगळ्यात शेवटी. कार्बोरेटरमध्येही आधी दोन्हींची हवा समान करा, रबरी नळी कानाला लावून दोन्ही तोंडांचा आवाज सारखा येईपर्यंत, मिश्रण त्यानंतर. गरम इंजिनावर एका कार्बोरेटरचा पिस्टन खालच्या पिनने जेमतेम एक मिलिमीटर उचला. रेस वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त आहे. रेस पडली किंवा इंजिन बंद पडायला लागलं तर कमी आहे. क्षणभर किंचित वाढून पुन्हा स्थिरावली तर बरोबर. कार्बोरेटरच्या वरच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनची हालचाल संथ करणाऱ्या नळकांड्यात) पातळ तेल असावं. ते आटलं की एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन गुदमरतं, आणि लोक उगाच मिश्रण वाढवत बसतात.

पुढच्या चाकांच्या किंगपिनना (चाक ज्यावर वळतं त्या उभ्या खिळ्यांना) ग्रीस दर 4800 किलोमीटरला लागतं, प्रत्येक बाजूला तीन निपल. चाक जमिनीवरून उचलून मारा, म्हणजे भार नसलेल्या जागेत ग्रीस शिरतं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत. एक निपल ग्रीस घेत नसेल तर ते बुजलंय. ते बदला, सोडून देऊ नका, कारण एमजीबीचे किंगपिन बहुतेक अशाच एका सुटलेल्या निपलमुळे जातात. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर ब्रेक दाबून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावरही खेळ राहिला तर दोष किंगपिनचा, गेला तर बेअरिंगचा.

तारेच्या चाकांसाठी वेगळी नजर हवी. एक मागचं चाक उचलून हँडब्रेक घट्ट लावा आणि चाक हाताने पुढे-मागे फिरवायचा प्रयत्न करा. हबच्या दात्यांमध्ये 'कट्' असा आवाज आणि खेळ आला तर दाते झिजलेत. मग चाक आणि हब दोन्ही बदलावे लागतात, एकच बदलला तर जुना नव्याला खातो. तारा पेन्सिलने वाजवत जा. जी बोदी वाजेल ती सैल.

आणि हत्यारं! एमजीबीचे नट-बोल्ट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचे पाने 'जवळपास' बसतात आणि नटाचे कोपरे घासून टाकतात. 7/16, 1/2 आणि 9/16 हे तीन पाने चांगल्या दर्जाचे घेतले तर बरंचसं काम निघतं. एमएक्स-5 ला 10, 12, 14 आणि 17 मिलिमीटरचे.

एमएक्स-5 च्या 1991 च्या गाडीत सगळ्यात आधी बघायचं ते क्रँकशाफ्टचं पुढचं टोक. सुरुवातीपासून 1991 मध्ये कधीतरी बदल होईपर्यंतच्या इंजिनांना हे टोक आखूड होतं. टायमिंग बेल्ट बदलताना पुलीचा बोल्ट नीट आवळला गेला नाही तर चावी (पुलीला शाफ्टवर धरून ठेवणारा छोटा तुकडा) आणि चावीची खाच हळूहळू ठोकली जाऊन रुंदावते, पुली डुगडुगते, टायमिंग सरकतं आणि इंजिन सुस्त होतं. ओळखायचं असं: पुलीच्या मध्यभागी बोल्टभोवती चार खाचा असतील तर आखूड टोक, आठ असतील तर नंतरचं लांब. आखूड निघालं म्हणजे गाडी बाद, असं नाही; कित्येक इंजिनं तशीच निर्धास्त चालली आहेत. इंजिन आयडलला असताना पुलीचा मधला भाग डोलतो का ते बघा. नुसतं बाहेरचं वलय डोलत असेल तर मधलं रबर गेलं आहे, पुली बदलून काम भागतं. मधला बोल्टच डोलत असेल तर ती गाडी घेऊ नका.

टायमिंग बेल्ट दर 1,00,000 किलोमीटरच्या आत बदलायचा असतो, म्हणजे तुमच्या गाडीचा एकदा तरी बदललेला असायला हवा. पावती मागा. पावतीवर वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील असतील तर काम समजून केलेलं आहे. एक दिलासा: या इंजिनात बेल्ट तुटला तरी पिस्टन व्हॉल्व्हना लागत नाहीत. गाडी रस्त्यात बंद पडते, इंजिनाची वाट लागत नाही.

सुरू करताना वरून टकटक आवाज येईल. हायड्रॉलिक टॅपेटमधलं तेल उभ्या गाडीत उतरतं, म्हणून. दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर थांबला तर दुर्लक्ष करा, ताजं तेल भरा (साडेतीन लिटरच्या आसपास लागतं). मधल्या रेसमध्ये जोर लावताना गाडी अडखळत असेल तर प्लगच्या वायरी आधी बदला. त्या याच वयात जातात, आणि अंधारात बॉनेट उघडून बघितलं तर कधी कधी ठिणगी उडताना दिसते. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी मूळची काळी असते. ती तपकिरी-हिरवट पडली असेल तर चिरायच्या बेतात आहे, आणि इंजिन तापून हेड गॅस्केट जाण्याची वाट बघण्यात शहाणपण नाही. मागच्या ब्रेकच्या कॅलिपरचे सरकते पिन अडकतात, मग हँडब्रेक धरत नाही किंवा एक पॅड दुसऱ्याच्या आधी संपतो. क्लच पेडल जमिनीला लागत असेल तर बहुतेक खालचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. दोन्ही कामं घरी होतात, पण गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचलूनच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नका, हे दोन्ही गाड्यांना लागू. टप पाडण्याआधी मागची प्लास्टिकची खिडकी चेन उघडून सपाट पाडायची, नाहीतर घडीवर तडकते.

लिफ्ट नसण्याचा मुद्दा तुम्ही बरोबर काढलात. एमजीबीचं नेहमीचं काम जवळपास सगळं वरून होतं, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात जातो. पण तिचा क्लच बदलायचा म्हणजे इंजिन बाहेर काढावं लागतं, गियरबॉक्स एकटा निघत नाही. त्या दिवशी घोडी पुरणार नाहीत, क्रेन लागेल. एमएक्स-5 चा गियरबॉक्स खालून निघतो, पण ती मधली तुळई सोडवून, आणि जमिनीवर पडून ते काम माणूस थकवतं. हे काम दोन्ही गाड्यांत दुसऱ्याकडून करून घ्या.

सुट्या भागांच्या बाबतीत जुनी गाडी पुढे आहे, हे ऐकून नवल वाटेल. एमजीबी 1980 पर्यंत बनली, जीटी (हिचंच बंद छपराचं रूप) धरून पाच लाखांहून जास्त, आणि तिचं जवळपास सगळं नव्याने मिळतं. 1988 पासून तर मूळ साच्यांवर काढलेलं संपूर्ण अंगही मिळू लागलं. पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 चे यांत्रिक भाग सहज मिळतात, पण आतलं प्लास्टिक, रबरी पट्ट्या, विजेची छोटी उपकरणं हळूहळू दुर्मिळ होत आहेत. माझ्दाने 2017 मध्ये जपानमध्ये या गाडीचा पुनर्बांधणी उपक्रम जाहीर केला आणि काही भाग पुन्हा बनवायला घेतले. तरी एमएक्स-5 घेताना फुटलेलं, हरवलेलं काय आहे त्याची यादी करा आणि एकेक भाग मिळतो का ते घेण्याआधी शोधा.

मग निवड? तुमच्या परिस्थितीत मी आधी एमजीबी बघायला जाईन. वापर कमी आहे, जागा छपराखाली आहे, हात चालवायची इच्छा आहे. अशा माणसाला तिच्याइतकं चांगलं शिकवणारी गाडी क्वचित मिळते. पण एक अट: सिलच्या दुरुस्तीचे, रंगाआधीचे फोटो मालकाने दाखवले पाहिजेत आणि जॅकची परीक्षा पास झाली पाहिजे. फोटो नाहीत, सांधरेषा गायब आणि रंग चकचकीत, असं असेल तर नोंदी असलेली एमएक्स-5 घ्या आणि मनात किंतू ठेवू नका. ज्ञात असलेली एमएक्स-5 अज्ञात एमजीबीपेक्षा नक्कीच चांगली. गाडी पावसात, उघड्यावर किंवा मीठ टाकलेल्या रस्त्यांवर जाणार असेल, किंवा रोज कामाला न्यायची वेळ येणार असेल, तरीही कौल एमएक्स-5 कडे जातो. आणि तुमच्या आवाक्यात जुन्या पत्र्याचं काम जाणणारा चांगला वेल्डर नसेल तर एमजीबीच्या बाबतीत अट आणखी कडक करा.

गाडी बघायला जाताना, दोन्हीकडे, आधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटखाली हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करा, मग आपण समोर उभं राहून सुरू करायला सांगा. टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा वाचा; 2316 म्हणजे 2016 च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, कडक होतात, आणि नक्षी पूर्ण शाबूत असूनही ओल्या रस्त्यावर पकड सोडतात. दहा वर्षांवरचे असतील तर चार नव्या टायरांचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा. एमजीबी घेतलीत तर त्याच आठवड्यात पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या, आर9 दर्जाच्या बसवून घ्या. मागच्या उजव्या चाकाजवळचा विजेचा पेट्रोल पंप चावी फिरवल्यावर टिकटिक करून थांबतो का, तेही बघा. टिकटिक थांबतच नसेल तर पेट्रोल कुठेतरी गळतंय किंवा कार्बोरेटरचा फ्लोट अडकलाय, आणि टिकटिक येतच नसेल तर बहुतेक पंपाचे पॉइंट जळलेत.